पिठावरचं पाऊल

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते उंदरं मारायच्या गोळ्यांचं. सांगायला काही शोभत न्हाई, पण तेच होतं. मधल्या खोलीत बाजरीची पोती लावलेली आणि उंदरांनी खालच्या पोत्याला भोकं पाडलेली. तिनं फुटक्या थाळीत कणीक मळली, त्यात गुळाचा खडा कुस्करला.

"विख तुम्ही घाला," ती म्हणाली. "मी नुसती मळते."

"म्हंजी पाप माझ्या एकट्याच्या डोक्यावर व्हय?"

"मेलं की समदं संपतंय म्हणता ना? मग पापाला कशाला भेताय?"

हा आमचा चाळीस वर्षांचा वाद. तिच्या माहेरी पूर्वी मेंढरं होती. तिची आई गेली तेव्हा जीव गेलेल्या जागी पीठ पसरून वर पाटी झाकली होती. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उठतं, त्या जन्माला माणूस गेलं, असं आमच्यात मानतात. तिथं कोकराचा खूर उठला. मी म्हणायचो, अगं, कोकरं घरातच हिंडत होती, त्यातलंच एखादं घुसलं असंल. त्यावर ती दोन-दोन दिवस बोलायची न्हाई.

मी गोळ्यांच्या खळग्यात औषध टाकलं. माझ्याच्यानं गोळ्यांची तोंडं मिटंनात, म्हणून तिनंच करंजीला मुरड घालावी तशी चिमटीनं मिटवली.

"आता तूबी भागीदार," मी म्हणालो.

"नरकात तरी सोबत व्हईल," ती म्हणाली. गोळ्या पोत्यांमागं सारून आम्ही जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच पोत्यांपुढं चटई टाकून आडवी झाली. "जरा पाठ टेकते," म्हणाली. मी कांद्याला पाणी देत होतो. लाइट गेली म्हणून घरी आलो, चहा मागितला. उठली न्हाई. हात लावला तर गार.

मी चौथी शिकलेला माणूस. पण त्यानंतर रोज विहिरीवर बसलो की एकच डोक्यात यायचं. मोटार बंद झाली की पाइपातलं पाणी कुठं जातं? पाणी अडवणारा खालचा वॉल धड असंल तर पाइपात उभं राहतं. खराब असंल तर माघारी विहिरीत पडतं. एकदा विहिरीत पडलं की त्यातलं आपलं पाणी कोणतं, ते कोण वळखणार? तिचं काय झालं असंल? आत कुठं उभी हाय का मिसळून गेली? तिला मी आठवत असंल का? जन्मभर संपतं-संपतं म्हणत आलो, आणि आता ते म्हणायला जीभ उचलत नव्हती.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. कावळ्याला भूक असती, त्याबद्दल मी काय बोलत न्हाई. संध्याकाळी थोरल्या वहिनीनं चटईच्या जागी पीठ चाळलं, शेजारी दिवा ठेवला, पिठावर पाटी पालथी घातली. मला म्हणाली, "भाऊजी, तुमचं काय ते वाकडं बोलणं उद्यापर्यंत तोंडातच ठेवा."

"न्हाई बोलत," मी म्हणालो.

फटफटायला लागल्यावर सगळ्यांच्या आधी मीच उठलो आणि पाटी उचलली. काही नसणार, असं मनाला बजावून उचलली. पण होतं. बारीक पावलांची रांग, आणि मधनं शेपटी फरपटल्याची रेघ.

उंदीर.

लेक वरवंडवरनं आलेली, आतल्या खोलीत झोपली होती. ती हे बघणार, भावकीतल्या बाया बघणार, आणि म्हणणार, उंदराच्या जन्माला गेली. आयुष्यभर बाईनं कमी सोसलं होतं का? मी तळहात फिरवला. पीठ सारखं केलं, पाटी होती तशी पालथी घातली आणि बाहेर जाऊन बसलो.

थोड्या वेळानं आतनं लेकीचा आवाज आला. "आबा! काय उठलं न्हाई! आई सुटली!"

वहिनी दारात आली. "बघा भाऊजी. जन्म-मरणाचा फेराच चुकला तिचा. अशी सुटका लाखात एखाद्याची."

दोघी गळ्यात पडून रडल्या. ते पीठ नदीला सोडलं. लेकीनं त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली. मी माझं ताट तसंच बाजूला सारलं. माझंच खरं असंल, तर तो नुसता उंदीर होता आणि पुसलं त्यात काही बिघडलं न्हाई. तिचं खरं असंल, तर ती दहा दिवसांनी मला सांगायला आली आणि मी तिला हातानं पुसून टाकलं. चाळीस वर्षं वादात मीच जिंकत आलो होतो. आता हरायचं होतं, तर कुणापुढं हरू?

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला एसटीत बसवून घरी आलो. चुलीपुढं बसून काय करावं ते कळंना. पोत्याची भोकं तरी शिवू म्हणून सुई-दोरा घेऊन मधल्या खोलीत गेलो. पोत्यांमागं खुडबुड झाली, आणि तेव्हा मला गोळ्यांची आठवण आली. दहा-बारा दिवस त्यांचा कुणाला पत्ताच नव्हता. एकट्यानंच पोती ओढली. गोळ्या होत्या तशाच, वाळून टणक झालेल्या. एक कुरतडलेली, थोडीशीच. सगळ्या गोळा करून उजेडात आणल्या. प्रत्येकीच्या तोंडावर तिची चिमटी उमटलेली. अंगठा आणि शेजारचं बोट. नखाची खूणसुद्धा दिसत होती.

 मग बांधाच्या कडंला हातभर खड्डा खणला, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून, आणि सगळ्या पुरल्या. हात साबणानं दोनदा धुतले. घरात आलो, सुईत दोरा तसाच होता. तो काढला, सुई कोनाड्यात ठेवली आणि पोती भोकांसकट भिंतीला लावून टाकली.