नंदूशेठनी संघ सोडला तेव्हा

ज्या माणसाला मी पळपुटा म्हटलं, तो आज पहाटे गेला.

नंदूशेठ. काळाचौकीचे मंडप डेकोरेटर आणि आमच्या व्यावसायिक कबड्डी संघाचे मालक.
मी संघाचा चिटणीस.

पोरांचे पगार, मॅट, अंडी-दूध, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. सगळं शेठच्या धंद्यातून.
एरियात कुणी संघाचं नावच घेत नसे. 'शेठची टीम' म्हणत.

सीझनचा पहिला नारळ शेठनीच फोडायचा, ही आमची पद्धत.
दोन वर्षांपूर्वी ते आलेच नाहीत. पोरं तासभर मॅटभोवती उभी.

मी फोन केला. "शेठ, सगळे थांबलेत."
"मग फोडा की."
"तुमच्याशिवाय?"
"नारळ काय माझं आधारकार्ड बघतो काय रे?"

संध्याकाळी कळलं, या वर्षी ते निम्माच खर्च देणार. पुढच्या वर्षी काहीच नाही. जर्सीवरचं नावही काढा म्हणाले.

मी कमिटीच्या ग्रुपवर लिहिलं, "टीम वाऱ्यावर सोडून मालक पळाला. पळपुटा माणूस."
शेठ त्याच ग्रुपवर होते. त्यांनी अंगठा टाकला.

दुसऱ्या दिवशी लंच टाइमला माझ्या ऑफिसखाली हजर.
"चिटणीस, शिव्या नंतर दे. आधी माझ्याबरोबर चल."

आम्ही वर्गणीसाठी जुन्या खेळाडूंची दारं वाजवली. संघातून खेळून रेल्वेत, बँकेत लागलेली माणसं.
पहिल्याच घरी उत्तर मिळालं, "शेठ आहेत ना? मग आम्ही कशाला?"

त्यानंतर शेठ वर येईनात. चाळीच्या जिन्याखाली थांबायचे.
"मी मागितलं तर माझ्या तोंडाकडे बघून देतील. मी मेलो की बंद. तू माग. संघासाठी माग."

मला मागायची लाज वाटायची. पहिल्या महिन्यात सात जण तयार झाले.
आता जुने खेळाडू दरमहा देतात. जर्सीवर एक डॉक्टर, एक खानावळ आणि एक जिम आहे. कुणीच मालक नाही. पगार निघतात, कधी चार दिवस उशिरा.

ज्या आजारानं शेठ गेले, त्याची त्यांना तेव्हा कल्पना होती का? माहीत नाही. कुणाला विचारलंही नाही.
ती कल्पना नसतानाही त्यांनी हे केलं असेल, तर माझी चूक आणखी मोठी.

मेसेज मी त्याच आठवड्यात डिलीट केला. माफी मात्र कधी मागितली नाही. ते समोर असले की कामाचंच बोलणं व्हायचं, हे काही कारण नव्हे.

आज स्मशानातून बाहेर पडताना कॅप्टन विनय जवळ आला.
'सर, आता टीमचं काय?' असं तो विचारणार, असं मला वाटलं. शब्द जुळवत होतो.

त्याने विचारलं, "सर, उद्या प्रॅक्टिस साडेसहाला की सातला?"

साडेसहाला, म्हटलं.

शेठ, माफ करा.
तुमच्या चिटणिसाचा मनापासून नमस्कार.