अडतीस चौकोन

एकोणीस वर्षं उपसागराचं तापमान थोरलीच काढत आली होती. समुद्राची आकडेवारी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिने पहिल्याच वर्षी माउसने उपसागराची हद्द आखून ठेवली होती. दर महिन्याला नवा उपग्रह-नकाशा उघडायचा, त्यावर ती हद्द टाकायची, की आतल्या पाण्याची सरासरी बाजूला हजर. या कामात तिचा हात धरणारं कार्यालयात कोणी नव्हतं.

मग धाकटी जाऊ त्याच खोलीत नोकरीला लागली. तिच्यासाठी शब्द थोरलीनेच टाकला होता. सुरुवातीला ती हे येताजाता सांगायची, वर्षभरात सांगेनाशी झाली. घरी सासूबाई धाकटीचं तोंड भरून कौतुक करत, ते एकवेळ चालायचं. साहेबही करू लागले तेव्हा थोरलीला दुपारचा डबा गोड लागेना.

सोमवारी धाकटीने, कोणी सांगितलं नसताना, उपसागराची हद्द नव्याने आखली. तिची सरासरी थोरलीच्या सरासरीपेक्षा दोन दशांश अंशाने जास्त आली. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. जिचा आकडा शुक्रवारी बरोबर ठरेल, उपसागर यापुढे तिच्याकडे, म्हणाले.

थोरली तीन दिवस जावेची चूक शोधत होती. घाईघाईत जमीन आत घेतली असणार, याची तिला खात्री होती. पण नकाशा बारीक चौकोनांचा असतो; त्यातले जमिनीचे चौकोन रिकामे असतात, सरासरीत धरलेच जात नाहीत. गुरुवारी दुपारी तिची नजर सरासरीखालच्या ओळीवर गेली. ती ओळ तिने आजवर कधी वाचली नव्हती: मोजलेले चौकोन. तिच्या हद्दीत ४१२, धाकटीच्या हद्दीत ४५०. अडतीस चौकोन पाणी जास्त. नकाशा मोठा केला तर उत्तरेची खाडी दिसली, उथळ आणि बाकीच्यापेक्षा अडीच अंशांनी गरम. जुन्या ढोबळ नकाशात तिथे जमीनच दिसायची, म्हणून तिने रेघ वळसा घालून नेली होती. पुढे बारीक नकाशे आले, रेघ तिथेच राहिली.

चुकल्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण हे उद्या जावेने पकडलं, तर मेल्याहून मेल्यासारखं होईल. ती तडक साहेबांकडे गेली.

"माझ्या हद्दीतून खाडी सुटलीय. धाकटीचा आकडा घ्या."

असं कबूल करायला मन मोठं लागतं, असं साहेब म्हणाले. ते वाक्य तिला बसस्टॉपपर्यंत पुरलं. तिथे धाकटी उभीच होती.

"ताई, खाडीचं माझ्या सोमवारीच लक्षात आलं होतं."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"तुमची चूक मी कशी सांगू? म्हटलं, तुम्हाला दिसेलच."

उपसागर गेला होता, त्याचं दुःख थोरली आठवडाभर करणारच होती. पण मोठ्या मनाचा मानही सोमवारपासून हिच्याकडेच होता, हे काही तिला गिळवेना.

बस आली. धाकटीने तिच्यासाठी खिडकीची जागा धरली. थोरली पुढे जाऊन उभी राहिली.