साहेबांना आणायला गेलेली जीप

मला सत्काराची किळस आहे, आणि ती मी आमच्या गावच्या समितीत बसून कमावली आहे.

मी निवृत्त शिक्षिका. उमरी तालुक्यातल्या आमच्या गावात सातवीपुढे शाळा नाही. एसटीचा भरवसा नाही, म्हणून मुली घरी बसायच्या. मग गावकरी, उमरीची शाळा आणि निधी देणारं सरकारी कार्यालय यांनी मिळून एक जीप सुरू केली. डिझेल कार्यालयाचं, चालक गावचा, वेळा शाळेच्या. खरंच छान चाललं होतं. दहावीतल्या एका मुलीच्या बापानं मला तेव्हाच बजावलं होतं, "बाई, गाडी हाय तवर पोरगी शाळेत. गाडीनं दगा दिला की घरी."

मग कार्यालयाचे साहेब पाहणीला येणार असं कळलं आणि गाव येडं झालं. फेटे, शाली, नारळ, आणि फ्लेक्सवर साहेबांचं तोंड शाळेच्या दारापेक्षा मोठं. पुढच्या वर्षीचा निधी त्यांच्या हातात, म्हणून आमच्या समितीच्या अध्यक्षांनी लोटांगण घालायचंच बाकी ठेवलं होतं. साहेबांना स्टेशनवरून आणायला मुलींचीच जीप पाठवायचं ठरलं.

मी म्हटलं, "अहो, त्या दिवशी त्या दहावीतल्या पोरीची विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे!"

"बाई, साहेब खूश तर गाडी हाय. म्या बोलतो की शाळेशी," अध्यक्ष म्हणाले.

बोलले नाहीतच. बोलणार तरी कशाला, ते हारवाल्याशी घासाघीस करण्यात गुंतले होते.

त्या दिवशी सकाळपासून सगळ्या मुली नऊवारी नेसून, ओवाळणीची ताटं घेऊन उन्हात उभ्या. परीक्षा सकाळी होती. साहेब दुपारी आले, वाटेत जेवून. दहावीतल्या त्या मुलीनं ओवाळलं, तसं त्यांनी प्रेमानं विचारलं, "काय बाळ, आज शाळेला सुट्टी?"

"न्हाई साहेब. परीक्षा व्हती. गाडी तुमाला आणाया गेलती."

साहेब हसले. "लई हुशार आहे," म्हणाले आणि शालीसाठी मान पुढे केली. टाळ्या पडल्या, अध्यक्षांच्या सगळ्यांत मोठ्या.

तिचा बाप मागे उभा होता. तो गर्दीतून पुढे आला, तिच्या हातातलं ताट माझ्या हातात दिलं आणि तिला घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी जीप अगदी वेळेवर आली. ती आली नाही.