सोंगणीत झोपलेला पाय

“कॉमन पेरोनियल नर्व्ह,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बोटाने टकटक केलं. पाऊलभर करंट पसरला. हात लावला गुडघ्याखाली आणि झिणझिणलं थेट अंगठ्याजवळ! मी घाबरायचं विसरून बघतच राहिले.

ही नस तिथे हाडावरून, कातडीच्या अगदी खालून जाते. पाऊल वर उचलणं आणि त्याच्या वरच्या बाजूला स्पर्श कळणं, दोन्ही तिच्याच जोरावर. माझी नस दबली होती.

मी मोताळ्याजवळच्या खेड्यातली. पोलीस भरतीची तयारी करत होते आणि वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची भरती होती. दिवाळीआधी पळताना पायाला मुंग्या यायला लागल्या. मग पाऊल बधिर झालं, बोटं रस्त्याला घासू लागली. सगळ्यांनी बुटाला दोष दिला. मी लेस सैल केली, मोठे बूट आणले. काडीचा फरक नाही.

बुलडाण्याला एनसीव्ही झाली. म्हणजे नसेला बारीक करंट देऊन तो किती वेगाने पुढे जातो, ते पाहायचं. पाय आपोआप उडत होता. एवढं वायरिंग आपण जन्मभर अंगात घेऊन फिरतो आणि त्याची साधी विचारपूसही करत नाही, याचं मला फार नवल वाटलं. माझा करंट गुडघ्यापाशी रेंगाळत होता.

दिवसभर काय करतेस, डॉक्टरांनी विचारलं. सकाळी पळते, मग आईसोबत सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, मी सांगितलं.

“सोंगताना कशी बसतेस, दाखव बरं.”

मी तिथेच उकिडवी बसले. आमच्याकडे हातात विळा धरून असंच बसल्या बसल्या पुढे सरकतात. मागे पडायला नको म्हणून आपली पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, संपेपर्यंत कोणी उठत नाही. मी तर भरतीवाली. पायाचा व्यायाम होतो म्हणून मुद्दाम उठत नव्हते!

अशा बसण्यानेच गुडघ्यापाशी नस दबत होती. डॉक्टरांनी माझं उकिडवं बसणं बंद केलं, आणि पाऊल नीट उचलेपर्यंत पळणंही.

भरतीपर्यंत बरी होईन का, मी विचारलं.

“नस तुटलेली नाही, दबली आहे. बहुतेक येईल परत. पण तिला तारीख देता येत नाही.”

बाहेर बाकावर आई हळूच म्हणाली, “मले तं दर सोंगणीले असंच होते. मले वाटे, सगळ्याच बायांचे पाय झोपत असतीन.” मला रडू आलं. तिला तशीच आत नेलं. तिची नस थोडक्यात बचावली होती.

पुढे घरी रोज पाऊल उचलायचा व्यायाम. कित्येक दिवस काहीच घडेना, मी चिडचिडी झाले. मग थंडीत एका सकाळी अनवाणी हरभऱ्यात शिरले आणि आंब पावलाला चरचरली. हरभऱ्याच्या पानावरचं ते आंबट दव पूर्वी मला नकोसं व्हायचं. त्या दिवशी मी मुद्दाम पार धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत चालत गेले. नस माझ्या नकळत पुन्हा कामाला लागली होती.

डॉक्टरांच्या परवानगीने हळूहळू पळू लागले. ग्राउंड निघालं, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी पास झाले. पळताना बुटात पायाचं प्रत्येक बोट कळत होतं, इतकं श्रीमंत मला कधी वाटलं नव्हतं.

तुमचाही पाय असा झोपत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि आपण काम करताना कसे बसतो तेही सांगा.

यंदाच्या सोंगणीत पात अर्धी झाली की आई विळा खाली ठेवून हाक देते, “उठा वं बायांनो, पाय मोकये करा.” आधी बाया हसायच्या. आता अख्खी रांग उभी राहते.