डोळ्यांवरची काळी पट्टी

डॉक्टर इला माझ्यासमोर दहा मिनिटं एका जागी बसली, असं मला आठवत नाही. शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर होती, तेव्हाही सर तिला "बस गं बाई आता" म्हणायचे. वर्ध्यात तिचा वेड्यावाकड्या दातांना तारा लावायचा दवाखाना आहे. पंधरा वर्षं झाली, बाई अजून चहा उभ्यानेच पिते. बोलताना तुमच्या डोळ्यांकडे बघत नाही, दातांकडे बघते. माझा खालचा एक दात तिरपा आहे. मी वकील आहे, त्या दातापायी माझी एकही केस गेलेली नाही, पण इलाला तो सहन होत नाही.

मार्चमध्ये ती माझ्या ऑफिसात आली आणि टेबलावर कागद टाकून येरझारा घालू लागली. एक नोटीस होती आणि दंत परिषदेकडे गेलेल्या तक्रारीची प्रत. तक्रार खरी ठरली तर तिची नोंदणी काही काळ तरी निलंबित होणार. म्हणजे दवाखान्याला कुलूप, आणि तोंडात तारा घेऊन फिरणारे दोनशे पेशंट वाऱ्यावर.

तक्रार सपनाची होती. आंजी मोठी या गावची मुलगी, वडील सदाशिवराव यांचं गावात किराणा दुकान. एकोणिसाव्या वर्षी इलाकडे आली, दोन वर्षांत दात सरळ झाले, आणि आता ती वर्ध्यात एका शिकवणी वर्गात गणित शिकवत होती. इलाने दवाखान्याच्या इन्स्टाग्रामवर तिचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो टाकले. नाव नाही, डोळ्यांवर काळी पट्टी. आठवड्याभरात वर्गातल्या पोरांच्या मोबाइलवर 'आधी'चं स्टिकर फिरायला लागलं. सपना फळ्याकडे वळली की मागे खसखस. तिने वर्गावर जाणंच बंद केलं. कळलं त्याच दिवशी इलाने फोटो इन्स्टाग्रामवरून काढून टाकले, पण स्टिकर आता कोणाच्या हातात राहिलं होतं?

"पण पोरांले कळलं कसं? पट्टी तं आहे," मी विचारलं.

"वर्गात आंजीची दोन पोरं आहेत. गावात तिले किसणी म्हणत होते, योगेंद्र. खोबऱ्याची किसणी. आठवीपासून. मले कुठं माहीत होतं?"

डोळे झाकायचे आणि दात दाखवायचे! ही चूक दातांचा डॉक्टरच करू जाणे. अख्खं गाव त्या मुलीला दातांवरूनच ओळखत होतं.

तरी मी खूश झालो. सांगायला लाज वाटते, पण झालो, कारण सपनाची संमती दवाखान्याच्या टॅबमध्ये होती. सहा पानी फॉर्म, पाचव्या पानावर 'प्रसिद्धीसाठी छायाचित्रे' आणि शेवटी बोटाने केलेली सही. मी चार मुद्द्यांचं उत्तर लिहिलं. चौथा मुद्दा माझा लाडका: ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर पट्टी लावून पुरेपूर काळजी घेतली होती. इलाला बजावलं, फोन करायचा नाही, भेटायचं नाही, माफी मागायची नाही. माफी म्हणजे कबुली.

इला खिडकीशी जायची, परत यायची. "हा फॉर्म इंग्रजीत आहे. सॉफ्टवेअरवाल्यानं दिलेला. मीच कधी पूर्ण वाचला नाई. तिले म्हटलं, इथं बोट फिरव."

"बोट फिरवलं ना? बस झालं."

तिच्या दृष्टीने झालं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस तिने माझा जीव खाल्ला. पेशंटच्या तोंडात आरसा असताना फोन करायची, "योगेंद्र, ती वर्गावर गेली का?" मी वकील होतो की तिचा हेर, देव जाणे. शेवटी एका रविवारी म्हणाली, "मी आंजीले चालली." मी चिडलो, भांडलो, आणि तिला गप्प बसवायला म्हणून गाडीत बसलो.

सदाशिवरावांनी ओसरीत खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. इला बसली नाही. तारा निघाल्या की ती प्रत्येकाला त्याच्या जुन्या दातांचा प्लास्टरचा साचा देते आणि सांगते, घरी नेऊन फोडा. तिची फार जुनी पद्धत. सदाशिवरावांनी अंगणातला धुण्याचा दगड दाखवला.

"याच्यावर फोडला होता पोरीनं. आमी पेढे वाटले मॅडम त्या दिवशी. तिले वाटलं, संपलं."

तेवढ्यात सपना बाहेर आली. ओढणी तोंडावर धरली होती. इतके सुंदर दात, आणि ही मुलगी ते झाकून उभी. मला माझ्या चार मुद्द्यांची शिसारी आली.

"माझी चूक झाली," इला म्हणाली. मी तिच्याकडे डोळे वटारले, तिने पाहिलंच नाही. "तुले न विचारता टाकला मी फोटो. ओळखू येऊ नये म्हणून पट्टी लावली होती."

सपनाने ओढणी तशीच धरून ठेवली. मग म्हणाली, "मॅडम, त्या फोटोत माह्ये डोळेच तेवढे चांगले होते. तुमी तेच झाकले."

तक्रार मागे घेते असं ती म्हणाली नाही, आणि इलानेही विचारलं नाही.

परतताना इला हातपाय न हलवता बसून होती. मला त्या शांतपणाचीच भीती वाटली. वर्धा आलं तेव्हा म्हणाली, "उत्तर बदल. चूक झाली असं लिही. चौथा मुद्दा तं पहिले काढ."

"इला, दवाखाना बंद पडेल."

"पडू दे चार महिने. दोन वर्षं दर महिन्याले ती पोरगी माह्या खुर्चीत बसली, योगेंद्र. तिचे डोळे मी आज पाह्यले."