गिरदावरांचं एक वर्ष

बहात्तरच्या दुष्काळात, ऐन खडी फोडायची कामं चालू असताना, आमच्या कचेरीतून एक गिरदावर सेवानिवृत्त झाले. त्यांना निवृत्त करणारा कागद मी तयार केला होता आणि तो चुकीचा होता. हे मला कळायला जवळजवळ चार वर्षं लागली. कळल्यावर तोंड उघडायला आणखी सात महिने लागले. त्या सात महिन्यांचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून सगळं आहे तसं लिहितो.

गिरदावर म्हणजे मंडळ निरीक्षक, पंचवीसेक गावांच्या तलाठ्यांवर देखरेख करणारा माणूस. शब्द निजामाच्या काळातला. हुद्द्याचं नाव कागदावर बदललं तरी आमच्या जिल्ह्यात लोक गिरदावरच म्हणत. मी परभणीत आस्थापनेच्या टेबलावर कारकून होतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत उर्दूतून झालेलं, आणि जुन्या नोकरांची सेवापुस्तकं उर्दूत होती. ती वाचणारा म्हातारा कारकून निवृत्त झाला तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी वाचलेलं तपासणारं कचेरीत कुणी नव्हतं, आणि मला त्याचा थोडा ताठाही होता.

जुन्या पुस्तकांत जन्मतारीख फसली सनात, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेत, असे. फसली सनात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी सन येतो, एवढं मला ठाऊक होतं. तेवढंच ठाऊक होतं. गिरदावरांचा जन्म फरवर्दी महिन्यातला. कोष्टकात पाहून मी फेब्रुवारी लिहिला, सनात पाचशे नव्वद मिळवले, आणि येत्या फेब्रुवारीत त्यांना अठ्ठावन्न पुरी होतात असं यादीत टाकलं.

नोटीस मिळाल्यावर ते कचेरीत आले. उंच, वाळलेले, पायात धुळीने पांढरे झालेले बूट. माझ्या टेबलापाशी उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "माझं अजून एक वर्ष बाकी असावं. एकदा बघता का?"

मी मान वर न करता म्हणालो, "गिरदावरसाहेब, या टेबलासमोर उभा राहिला की प्रत्येकालाच आपण तरुण आहोत असं वाटतं."

शाखेतले सगळे हसले. मीही हसलो. ते "बरं," म्हणाले आणि गेले. पुस्तक माझ्या मागच्या कपाटात होतं. हात लांब केला असता तर निघालं असतं.

पुढे चार वर्षांनी आमच्या कचेरीतला एक मुसलमान जमादार निवृत्तीला आला. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, पण माझं गणित तो टेबलाला टेकून बघत होता.

"बाबू, सनात किती मिळवले तुमी?"

"पाचशे नव्वद."

"म्हंजे मला एक वर्ष फुकटचं म्हातारं केलं की." तो हसायला लागला. "माझा जन्म अमरदादचा. अमरदादमधी पेरणी असती. फसली सन बसतो दसऱ्याच्या आगंमागं. मधी जानेवारी येऊन गेला न्हाई का? दसऱ्यानंतरच्या आझरला, दयला नव्वद. जानेवारी लागला की एक्क्याण्णव. आमच्या वेळच्या पोरासोरांना बी ठाऊक होतं हे."

मी त्याचं गणित दुरुस्त केलं. त्याला चहा पाजला. मग शाखा रिकामी झाल्यावर कपाट उघडलं. आधीच्या कारकुनाने उतरवलेल्या तारखा बरोबर होत्या. मी स्वतः उतरवलेल्या दोनच होत्या. एकाचा महिना आझर, तो निभावला होता. दुसरे गिरदावर, त्यांचा महिना मला आठवत होता. फरवर्दी येतो शिमग्याच्या तोंडावर, जानेवारी उलटल्यावर. त्यांना पाचशे एक्क्याण्णव मिळवायचे होते.

त्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण अव्वल कारकुनाच्या बढतीच्या यादीत माझं नाव होतं. हुकूम निघेपर्यंत थांबू, मग बघू, असं मी ठरवलं. हुकूम निघाला. मी नव्या टेबलावर बसलो. तरीही गप्पच होतो. माणूस घरी आहे, खाऊनपिऊन आहे, आता उकरून कुणाचं काय भलं होणार, असं मी स्वतःला सांगत असे.

मग एका लग्नासाठी झरीच्या पुढच्या एका गावी गेलो. ते गिरदावरांचं गाव, हे मला तिथे गेल्यावर कळलं. दुपारी पारासमोरच्या किराणा दुकानापाशी आम्ही चार-पाच वऱ्हाडी बसलो होतो. गिरदावर समोरून आले, हातात कापडी पिशवी. चालणं तेच, फक्त मान खाली. दुकानाच्या ओट्यावरचा एक पागोटेवाला म्हणाला, "साहेब, सुकडी हाय का पिशवीत? पाव्हण्यांना वाटा की थोडी."

ओटा हसला. गिरदावर न थांबता निघून गेले.

मी विचारलं, ही काय गंमत? पागोटेवाल्याने मोठ्या चवीने सांगितलं. दुष्काळात कामावरच्या मजुरांना सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. यांच्या मंडळातल्या एका केंद्रावरून सुकडीची काही पोती गायब झाली. आणि त्याच आठवड्यात गिरदावर घरी आले. "ना हार, ना निरोप. वर्षभर नोकरी हाय म्हणून सांगायचा आन् एकदम घरी. सरकार उगंच घालवतं का कुणाला?"

निरोप झाला नाही कारण त्या आठवड्यात अख्खी कचेरी दुष्काळाच्या कामावर होती. हे मला माहीत होतं. ओट्यावर तेवढ्यापुरतंही मी बोललो नाही. जेवून परत आलो. पण तो हशा मी आधी ऐकला होता, माझ्याच टेबलाभोवती, आणि सुरुवात मी केली होती. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

साहेब मराठवाड्याबाहेरचे होते. त्यांना फसली सन दोनदा समजावून सांगावा लागला. मग म्हणाले, "तुमच्या आठवणीवर सरकारी तारीख बदलत नाही. मूळ पुस्तक आणा."

मूळ पुस्तक नव्हतं. मुदत संपलेल्या कागदांबरोबर ते दोन वर्षांपूर्वीच जाळलं गेलं होतं. जाळायच्या कागदांची यादी मी काढली, त्यावर सही माझी होती, आणि त्या ओळीपुढे शेरा होता : उर्दू, उपयोग नाही.

"मग दुसरा पुरावा शोधा," साहेब म्हणाले. "नाहीतर विषय सोडा."

विषय सोडायचा नाही एवढं त्या क्षणी पक्कं झालं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊ लागलो. रेकॉर्डकीपर अर्ध्या तासाच्या वर बसू देत नसे. रुमालात बांधलेले गठ्ठे सोडायचे, धूळ झटकायची, एखादा कागद हाती लागेपर्यंत वेळ संपायचा. बायको म्हणायची, "डबा तसाच परत येतोय. कुणाचं श्राद्ध घालायलात का काय?" मी तिला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती भाजी कोरडी करून भाकरीत गुंडाळून देऊ लागली, उभ्याउभ्या खाता यावी म्हणून.

तारीख शोधता शोधता मला तो माणूस सापडत गेला. सुरुवातीचे त्यांचे शेरे उर्दूत, बारीक आणि सफाईदार. निजामाचं राज्य गेल्यावर एकदम मराठीत, आणि अक्षर लहान मुलासारखं. तिशी उलटल्यावर त्यांनी बाळबोध गिरवली असावी. पहिली दोन वर्षं शब्दांवर रेघच नाही. मग रेघ येते, पण तुटक. मग सरळ होते. मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस रजा मागितलेली, तीन मंजूर. हजेरीत ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हजर आहेत.

एका गठ्ठ्यात पिकाच्या आणेवारीचा कागद मिळाला. गाव अडचणीत आहे की नाही हे आणेवारीवर ठरतं. तलाठ्याने आठ आणे पीक लिहिलं होतं, गिरदावरांनी ते खोडून तीन आणे केलं होतं. वरून विचारणा झाली : फेरविचार करावा. त्यांचं उत्तर एका ओळीत होतं. "पुन्हा जाऊन पाहिले. तीन आणेच आहे." त्याखाली आणखी एक विचारणा, आणि पुन्हा तेच उत्तर, तारीख तेवढी वेगळी. त्या पोत्यांचं काय झालं हे मला कुठल्याच कागदात सापडलं नाही. सापडलं असतं तर तेही इथे लिहिलं असतं, त्यांच्या बाजूचं असो की विरुद्ध.

तीन महिन्यांनी त्यांचा नोकरीचा पहिला अर्ज मिळाला. जन्मतारखेवर वाळवीने भोक पाडलं होतं. पण शिक्षण लिहिलं होतं : पूर्णेची शाळा.

रविवारी शाळा बंद, म्हणून रजा टाकून पूर्णेला गेलो. मुख्याध्यापक तरुण होते. जुनी प्रवेशाची रजिस्टरं लाकडी पेटीत होती. ते म्हणाले, "ही कुणाला वाचता येत नाहीत. यंदा काढून टाकायची होती." मी सकाळपासून चारपर्यंत पेटीपाशी जमिनीवर बसलो. तिसऱ्या रजिस्टरात नोंद निघाली. नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा, फरवर्दी महिना आणि सन. मी पाचशे एक्क्याण्णव मिळवले. मग विश्वास बसेना म्हणून बोटांवर मोजले.

मुख्याध्यापकांनी नक्कल दिली. तिच्यासोबत मी माझा लेखी जबाब जोडला. साहेबांनी तो वाचून विचारलं, "यात चूक कळल्यावर सात महिने गप्प राहिल्याचं कशाला लिहिलंय? ते कुणी विचारलेलं नाही."

"असू द्या," मी म्हणालो.

"ठपका बसेल."

"बसू द्या."

ठपका बसला. पेन्शनीचं पुढे नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं. गेलेलं वर्ष नोकरीत परत मिळणार नव्हतं, पण पत्र निघालं : संबंधित कर्मचाऱ्यास केवळ वयाच्या कारणाने निवृत्त करण्यात आले होते, वयाची परिगणना कारकुनाच्या चुकीने एक वर्ष अधिक झाली, त्यांच्याविरुद्ध कोणतीही चौकशी नव्हती. ते पत्र टपालाने जाणार होतं. मी म्हणालो, मी नेऊन देतो.

दारात त्यांची बायको ज्वारी निवडत बसली होती. मी म्हणालो, "गिरदावरसाहेब आहेत का?"

तिने आत तोंड करून सांगितलं, "अहो, बाहीर या. कोण तरी साहेब म्हणायलंय तुमाला."

ते आले. मला पाहिलं. "तुम्ही आस्थापनेतले. उर्दू वाचणारे."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बसून सांगायचा धीर नव्हता. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, शिक्का निरखला. मग विचारलं, "शाळेच्या रजिस्टरात माझ्या वडलांचा धंदा काय लिहिलाय?"

"स्टेशनवर हमाली."

"वडलांचं नाव पुरं लिहिलंय?"

"पुरं आहे."

"कुठल्याच कागदावर नसेल असं वाटलं होतं मला." त्यांनी चष्मा काढला. "तारीख मला ठाऊक होती हो. आई सांगायची, शिमग्याच्या आधीचा. त्या दिवशी तुम्ही हसला नसता तर मी दुसरा अर्ज केला असता. भरल्या कचेरीत पुन्हा कोण येतो."

माफ करा असं मी म्हणालो. त्यांची बायको म्हणाली, "पाच वरसं होत आली, हे चावडीम्होरून जात न्हाईत. मागच्या बोळीनं जातेत." ते तिला म्हणाले, "राहू दे." मग पत्राची घडी घालत मला म्हणाले, "हे मी कुणाला दाखवायचं? मी वाचलं तर म्हणतील, स्वतःच लिहून आणलं."

"मी वाचतो," मी म्हणालो. "आत्ता."

ते आले नाहीत. मी पत्र घेऊन एकटाच त्या किराणा दुकानापाशी गेलो. दुकानदार आप्पा गल्ल्यावर होते, कपाळावर भस्माचे पट्टे. ओट्यावर तोच पागोटेवाला आणि आणखी सहा-सात जण. मी सांगितलं की गिरदावरांबद्दल सरकारी पत्र आहे, ते वाचायचं आहे. वाचलं. सरकारी भाषा कुणाला नीट कळली नाही, म्हणून पुन्हा साध्या शब्दांत सांगितलं.

पागोटेवाला म्हणाला, "मग सुकडी कुणी खाल्ली?"

"ते मला माहीत नाही. पण गिरदावर त्यामुळे घरी आले नाहीत. त्यांना मी घालवलं."

"एवढी साधी बेरीज चुकली तुमची?"

"हो."

"आन् पगार घेता का न्हाई?"

या वेळी ओटा माझ्यावर हसला. कोपऱ्यातल्या एका बहिऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय म्हणायलाय रे हा?"

आप्पांनी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, पण गावाच्या वेशीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "गिरदावराला ह्यानं घालवलं म्हणतो. चोरीबिरी काय न्हाई. ह्याची बेरीज चुकली."

"कोण हाय हा?"

आप्पा माझ्याकडे वळले. "नाव सांगा पाव्हणं."

मी नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आप्पांनी ते सगळं पुन्हा मोठ्याने म्हाताऱ्याला सांगितलं. पागोटेवाल्याने गाव नीट विचारून घेतलं, तिकडे त्याची सोयरीक होती. मी ओट्यावर बसून राहिलो. पाण्याला, तंबाखूला जो कुणी येई त्याला आप्पा किंवा पागोटेवाला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, आणि तो माझ्याकडे बघे. शेवटची एसटी यायला दीड तास होता. तेवढा वेळ मी तिथेच बसलो.