जोरानं बोल, प्रणाली!

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये बसलं की पोटात दोनच गोष्टी साठतात, ॲसिडिटी आन् किस्से. शेवटच्या सेमिस्टरले पोराईले सहा महिने कोण्यातरी कंपनीत काढा लागतात, नाहीतर डिग्री अडकते. टेन्शन त्याईले, गोळ्या मले!

*

मॉक इंटरव्ह्यूत एकाले म्हटलं, स्वतःबद्दल सांग. गडी सुरू झाला. सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर नंबर, पप्पा स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये. म्हटलं, बाबू, आन् तू?

तो म्हणे, "सर, मी तिथंच राहतो."

*

दुसऱ्याचा इंटरव्ह्यू कुम्हारीच्या एका फॅक्टरीत. इंप्रेशन पडावं म्हणून आईनं पप्पाचं हेल्मेट आन् सेफ्टी शूज घालून धाडलं. गेटवरच्या गार्डनं नवा लेबर समजून त्याले थेट आत हाकललं. तिकडून एचआरवाले मले फोन करून राहिले, इकडं माझा बीपी वाढून राहिला, आन् हा लंचपर्यंत पोते उचलून राहिला.

म्हटलं, गाढवा, बोलला कावून नाही?

"मले वाटलं सर, हाच पहिला राउंड असंन."

*

पण झोप उडवली ते प्रणालीनं. पोरगी टॉपर, आवाज मात्र मुंगीचा. दोन कंपन्यांनी 'कॉन्फिडन्स नाही' म्हणून परत धाडली. आता एकच उरली होती. ते गेली की डिग्री लटकली. मी तिले मैदानाच्या एका टोकाले उभं करून पेपर वाचाले लावला, आन् दुसऱ्या टोकाले मी. मले फक्त कावळे ऐकू आले.

*

तिचा शेवटचा इंटरव्ह्यू ऑनलाइन होता आन् नेमकं कॉलेजचं नेट गेलं. मी तिच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरवर धावलो. दारातच तिच्या आईनं तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला सर. हे प्लांटातून नाईट ड्युटी करून आले, झोपले आहेत." ह्या घरात दिवसा सारे असेच बोलत. मी कपाळावर हात मारला.

इंटरव्ह्यू सुरू झाला. साहेबानं दोनदा सांगितलं, जरा मोठ्यानं बोला. प्रणालीची नजर सारखी मागच्या पडद्याकडं. त्याच्यामागं बाबाची खाट होती.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "जोरानं बोल ना वं पोरी. मी जागाच आहो."

मग पोरगी जे बोलली! शेजारीण काय झालं म्हणून दारात आली.

लॅपटॉप बंद झाला तसे बाबा बाहेर आले. डोळे लालभडक. मले हळूच विचारलं, "सर, ऐकू गेलं ना त्याईले?"